हाकांचा फोल्डर

घोटावडे,
१२ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

साष्टांग दंडवत लिहिला तर तू "सोंग बास" म्हणशील, म्हणून नुसता नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझा नाशिकचा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, स्वरदाकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्या दारातच ठाण मांडून बसलो होतो. तू फोन घेत नाहीस, मेसेज तुला पोचतात की नाही तेही कळत नाही. शेवटी शाळेनंतर पहिल्यांदाच कागद-पेन घेऊन बसलोय. अक्षराला हसू नकोस.

आप्पांनी बैलांचा गोठा पाडून भाड्याच्या खोल्या काढल्या. वरच्या खोलीत मनीष म्हणून अमरावतीचा मुलगा राहतो, माझ्याच कंपनीत आहे. हिंजवडीला जायला पूर्वीइतकाच वेळ लागतो, म्हणजे किती ते देवालाच माहीत.

आता कामाचं. तू कॉलेजच्या ग्रंथालयात आहेस. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात जातं हे तुला कळतं. मला एका गोष्टीचा असा काही गुंता झालाय की विचारायला दुसरं माणूस सुचेना. पण गुंता सांगायचा तर आधी दुसरंच सांगावं लागेल. ते कसं लिहू, हे या कागदाच्या आधीच्या चार कागदांना जमलेलं नाही.

गणपतीत आईचा आवाज बसला, तो सुटलाच नाही. सगळे म्हणाले ओरडण्यानं झालंय, कमी ओरडा. मग तपासण्या झाल्या आणि गाठ निघाली. दिवाळी झाल्यावर पुण्यात ऑपरेशन केलं आणि घशातली आवाजाची पेटी काढावी लागली. आई बरी आहे ताई. जेवते, हिंडते, आप्पांवर हात उगारते. गळ्यापाशी एक छिद्र आहे, त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. ओठ हलतात, पण आवाज येत नाही. आता येणारही नाही. तुला कळवायचं नाही असं तिनंच बजावलं होतं, बजावता येत होतं तेव्हा.

मला माहितीये तू आता पत्र खाली ठेवलं असशील. परत उचललंस की पुढचं वाच.

ऑपरेशनच्या आधी मी रजा काढली आणि माईक घेऊन आईच्या मागे फिरत राहिलो. म्हटलं, दिवसभर जे बोलतेस ते सगळं बोल. तिला वाटलं मला वेड लागलं. "भिताडाशी बोलू का रं?" म्हणाली. पण मग बोलली. तुला ठाऊकच आहे, एकदा सुरू झाली की कुठं थांबते!

फुकट मिळणारा एक प्रोग्रॅम आहे. पडद्यावर चित्रं असतात, चित्रावर बोट ठेवलं की तो बोलतो. आईला सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून चित्रं बरी. पण त्यातला आवाज कुठल्यातरी बातम्या देणाऱ्या बाईचा. आईनं तांब्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि यंत्र म्हणालं, "मला पाणी हवे आहे." आप्पा दचकून दारात आले. "घरात कोन बाई आलीया?" आईनं हसायचा प्रयत्न केला, मग उठून आत गेली. डॉक्टरांनी बोलण्यासाठी गळ्याला लावायचं एक घुर्र करणारं मशीन दिलं होतं, तेही तिनं एकदाच लावलं आणि उशीखाली ठेवलं.

म्हणून मी त्या प्रोग्रॅमला एक प्लगिन लिहिलं. प्लगिन म्हणजे मूळ प्रोग्रॅमला बाहेरून जोडायचा तुकडा. आता तांब्यावर बोट ठेवलं की आईचाच आवाज येतो, "आरं पानी आन की, घसा वाळला माझा."

पण हे चालतं फक्त माझ्या लॅपटॉपवर. घाईघाईत केलं ना, एक फाईल इथं टाकली, दुसरी तिथं, आवाज तिसरीकडेच, आणि आवाज कुठं आहेत तो पत्ता मी हातानं आत लिहून ठेवला. दुसऱ्या लॅपटॉपवर नेलं की प्लगिन त्या जुन्या पत्त्यावर जातं, तिथं कुणी नसतं, मग गप्प बसतं. मनीष म्हणतो, "अबे, तुह्या प्लगिनसोबत तुलेच पाठवा लागते." खरं आहे. सकाळी मी लॅपटॉप पाठीला लावून निघालो की आईचा आवाज माझ्याबरोबर हिंजवडीला जातो. चौकात गाड्या अडकतात, मी बसलेला असतो आणि आई माझ्या पाठीवर बॅगेत असते. ती घरी दिवसभर टाळ्या वाजवून आप्पांना बोलावते.

म्हणून सगळं नीट लावायला घेतलंय. एक मोठा फोल्डर, त्यात कप्पे, आणि बसवायला एकच फाईल, आप्पांनाही जमेल अशी. कप्पे केले: हाका, जेवण, होय-नाही, राग, माया. आणि इथंच अडलो. "मुडद्या, जेवून जा की" हे कुठल्या कप्प्यात? मी रागात टाकलं. काल आई आप्पांवर खरंच भडकली, तिनं रागाचं चित्र दाबलं आणि यंत्र म्हणालं, "मुडद्या, जेवून जा की." आप्पा मुकाट्यानं जेवायला बसले. मग ते जेवणात हलवलं, आणि पाहिलं तर मायेच्या कप्प्यात एकही वाक्य नाही. आईची माया कुठं ठेवू ताई? तिची वेगळी अशी फाईलच सापडत नाही, सगळीकडे थोडी थोडी आहे. तुमच्याकडे एकच पुस्तक दोन कपाटांत लावायचं असेल तर काय करतात?

तुझ्याबद्दलच्या फायलींचं पुढच्या पत्रात लिहितो.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल, त्यासाठी वेगळा कप्पा करीन.

तुझा,
साहिल


घोटावडे,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमन गल्लीत वळला की मी बाहेर जातो, मग त्याला उगाच पाणी विचारतो.

कप्प्यांचं मी माझ्यापुरतं मिटवलं. राग आणि माया एकच कप्पा केला. आई तो न चुकता वापरते, म्हणजे बरोबर असावं.

मग आप्पांच्या लॅपटॉपवर बसवायला गेलो. भाडेकरूंचे कागद पोलीस चौकीला द्यावे लागतात म्हणून त्यांनी तो घेतलाय आणि त्याला कुणाला हात लावू देत नाहीत. माझी एकच फाईल, दोनदा टिचकी मारली. गप्प. परत केलं. गप्प. मनीषच्या लॅपटॉपवर छान बसलं, ऑफिसातल्या तिघांच्या लॅपटॉपवर बसलं, तिथं आई भर ऑफिसात ओरडली, "आरं भाड्या, दार लाव." एका आप्पांच्याच लॅपटॉपवर बसेना. मी सगळं उपसलं, फायली वर-खाली केल्या, नावं बदलली, परत पहिल्यासारखी केली. शेवटी तर आप्पांचं आणि प्लगिनचं काहीतरी वैर आहे इथपर्यंत आलो होतो.

मग एकदा आप्पा कुणाचे तरी कागद लॅपटॉपवर ठेवत होते, ते मी मागे उभा राहून पाहिलं. त्यांनी काय केलंय माहितीये? नवीन फोल्डर उघडून त्याला नाव दिलंय ॥ श्री ॥, आणि जगातलं सगळं त्याच्या पोटात. भाड्याचे करार, बैल विकले त्याचे फोटो, भजनं आणि माझं प्लगिन. वहीच्या पहिल्या पानावर लिहितात तसं. माझी फाईल आत शिरताना वाटेवरची नावं वाचते, आणि मी ती लिहिताना इंग्रजीखेरीज दुसरं कुठलं अक्षर वाटेत येईल हे धरलंच नव्हतं. ॥ श्री ॥ समोर आला की ती तिथंच थबकते.

मी म्हटलं, आप्पा, एवढा श्री काढूया. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुजं यंत्र देवाला बिचकतंय, त्याला मी काय करू? मी न्हाई काढायचा." आई स्वयंपाकघराच्या दारात बसून हे बघत होती. तिनं होय-नाहीच्या चित्रावर बोट ठेवलं. माझ्या लॅपटॉपमधून तिचा आवाज आला, "न्हाई म्हंजे न्हाई." दोघांनी मिळून मला वाटेला लावलं.

मग काय, प्लगिनला मराठी वाचायला शिकवलं. आता श्री असो, खंडोबा असो, ते आत जातं. आप्पांच्या लॅपटॉपवर बसलं. मी कामावर गेलो तरी आता आईचा आवाज घरीच राहतो. हे तुला सांगताना मला फार बरं वाटतंय आणि पुढचं लिहायला हात होत नाहीये.

तुझ्या फायलींचं लिहितो म्हणालो होतो. तुझी फाईल नाही, ताई.

हाकांच्या कप्प्यात सगळे आहेत. मी आहे तीन तऱ्हांनी. आप्पा आहेत, म्हणजे "अवो" आहे. शेजारची धोंडाबाई आहे, मनीष आहे, दोन्ही गाई आहेत. रेकॉर्डिंगच्या वेळी मी मुद्दाम म्हटलं, आई, ताईचं नाव घे. ती उठली. "दूद उतू जाईल" म्हणाली आणि आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं. मी परत विचारलं नाही. वाटलं उद्या विचारू, परवा विचारू, मग ऑपरेशन आलं.

उरवड्याच्या स्थळाची सुपारी फुटल्यावर तू नाही म्हणालीस, बॅग भरलीस, आणि आई म्हणाली, "ग्येलीस तर परत हितं येऊ नगं." ते तू ऐकलंस आणि गेलीस. त्यानंतर या घरात कुणी तुझं नाव घेतलं नाही. मी आधीही ताईच म्हणायचो. आप्पा कधी बोललेच तर "पोरगी" म्हणतात. आता आईला कधी तुला बोलवावंसं वाटलं तर दाबायला तिच्याकडे बटणच नाही, आणि ते माझ्या एवढ्या खटपटीतून निसटलं.

म्हणून मी एक केलंय. बरोबर की चूक मला खरंच कळत नाही. आईच्या वाक्यांमधून मी तुझं नाव जोडलं. "दिवा लाव" मधला दि घेतला, "शाळंत जा" मधला शा घेतला, दोन्ही चिकटवले. आधी तो आवाज यंत्रासारखा यायचा. मग घासून घासून असा केला की मीच दचकलो. आई म्हणते, "दिशा." आईचाच आवाज आहे, ताई. पण आईनं ते म्हटलेलं नाही. जे तिनं तोंडातून काढलं नाही ते मी तिच्या तोंडी घालायचं का? मनीषला विचारलं तर तो म्हणाला, "मायबाईले ऐकव, मंग ठरव." सोपं आहे त्याला.

अजून ऐकवलेलं नाही. तिनं नको म्हटलं तर ते मला तुला लिहावं लागेल.

तुझा,
साहिल


घोटावडे,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताई,

नमस्कार. या पत्रासोबत एक पेनड्राइव्ह आहे. तो फेकू नकोस, आधी हे वाच.

ऐकवलं मी. दुपारी आई ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, हाकांमध्ये एक नवीन घातलीये. बटण दाबलं. "दिशा."

तिचा हात थांबला. तिनं मान हलवली, नाही. मी बावळटासारखं परत दाबलं. तिनं माझ्या हातावर फटका मारला, जोरात, आणि सूप उचलून आत गेली. संध्याकाळी जेवण वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

मला जे वाटायचं ते वाटलं. इतकं होऊनही तिचा राग गेला नाही, अगदी नावसुद्धा नको. मला तिची चीड आली. मी ती फाईल काढून टाकली आणि आप्पांना म्हणालो, तुमची बायको दगड आहे. "तसं नसंल," आप्पा म्हणाले. पण कसं असेल ते त्यांनाही सांगता येईना. आठवडाभर घरात आम्ही तिघं मुके. यंत्रही कुणी उघडलं नाही.

मग परवा आई आपणहून माझ्याजवळ येऊन बसली. लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला, हाकांच्या कप्प्यावर बोट ठेवलं. मला वाटलं नवीन भाडेकरूचं नाव हवंय. ती मानेनंच नाही म्हणाली. मग तिनं हवेत केस धरले, तीन पेड केले, वेणी घातली, शेवटी रिबिनीची गाठ मारली. घरात वेणी तुझ्याशिवाय कुणाची घातलीये तिनं? आणि मग ओठ हलवले.

ते "दिशा" नव्हतं, ताई.

दिशा म्हणताना ओठ मिटत नाहीत, मी आरशात म्हणून पाहिलं. आईचे ओठ आधी मिटले, मग गोल झाले, मग हसल्यासारखे पसरले. तिनं परत केलं, सावकाश, मी मठ्ठ आहे हे धरून. मिटले, गोल झाले, पसरले. तिला तू नको नव्हतीस. तिला ते नाव नको होतं. ती तुला कधी त्या नावानं हाक मारायचीच नाही, मग यंत्रातून तशी का मारेल? मी मात्र शाळेच्या दाखल्यावरचं नाव उचलून तिच्या तोंडात कोंबलं आणि वर तिलाच दगड म्हणालो.

पण मग काय म्हणायची? मला आठवत नाही! आपण एकाच घरात वाढलो आणि मला माहीत नाही. दुपारी ओट्यावर तुझे केस विंचरताना ती तुझ्याशी हळू काहीतरी बोलत असायची आणि मी जवळ आलो की "जा रं, बाईमानसांत काय करतुयास" म्हणून पिटाळायची. ते तेव्हाचंच असणार. मी अंदाज करत गेलो. बोकी? मोनी? पोरी? ती प्रत्येक वेळी कपाळावर हात मारत होती. आप्पा म्हणाले, "म्हशी म्हनत आसंल." तिनं त्यांना लाटणं दाखवलं. मग ती आवाज न करता हसायला लागली, छिद्रातून नुसती हवा येत होती, हसता हसता डोळे पुसायला लागली. शेवटी लॅपटॉप मिटून तिनं रस्त्याकडे हात केला.

त्या हाताचा अर्थ मी लावला आहे, तो चुकीचा असेल तर माझ्या डोक्यावर. एवढे दिवस प्रत्येक गोष्टीचा अर्थ चुकीचाच लावत आलोय, पण हा बरोबर वाटतो.

पेनड्राइव्हमध्ये आईचा सगळा आवाज आहे. एकच फाईल, दोनदा टिचकी मार, कुठल्याही लॅपटॉपवर बसेल. फोल्डरला काय नाव द्यायचं ते दे, आता ती कशालाच बिचकत नाही. ती ओरडेल, पाणी मागेल, मला मुडद्या म्हणेल, गाईंना नावानं बोलावेल. पोटभर ऐक. तुझी हाक तेवढी त्यात नाही.

ती हाक आता जगात दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नाही. म्हणून तू ये. कायमची नको, रविवारी ये, संध्याकाळी परत जा. लग्नाबद्दल कुणी बोलणार नाही, बोललं तर मी बघून घेईन. आईच्या समोर बस, तिचे ओठ बघ, आणि ती जे म्हणतेय ते मोठ्यानं म्हण. माईक मी धरतो. घरच्या फोनवर तू बोलायचीस तेव्हा आत्या दर वेळी विचारायची, रत्ना बोलतीया का पोरगी? तुझा आणि आईचा आवाज तेव्हा कुणाला वेगळा ओळखता यायचा नाही. तू म्हटलेलं मी हाकांमध्ये ठेवीन. आईनं दाबलं की तुझ्या आवाजात तुला हाक जाईल, आणि ती आईचीच असेल. यात काही खोटं आहे असं मला तरी वाटत नाही.

आई उंबऱ्यात बसली आहे. मी पाकिटावर तुझं नाव घालतोय ते तिला दिसतंय, वाचता आलं नाही तरी कळलंय. तिनं आत्ताच परत ओठ हलवले. माझ्याकडे बघून नाही, पाकिटाकडे बघून.

लवकर ये. ती म्हणतेय आणि इथं कुणालाच ऐकू येत नाहीये.

तुझा,
साहिल